एका घरांत दोन यजमान

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं जो घोटाळा झाला तो ह्या सदरांत सांगावा कीं न सांगावा, याचा आम्हीं बरेच दिवस विचार केला. सदतीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविणाऱ्या माणसाला स्वतःची चूक छापून आणण्याची हौस बेताचीच असते. परंतु संक्रांतीच्या तिळगुळासाठीं ज्या चार घरीं आम्ही गेलों त्यांपैकीं तीन घरीं हीच तक्रार आमच्या कानीं आली. म्हणून संकोच बाजूला सारून लिहीत आहों. विषय घरगुती इंटरनेटचा आहे. एका घरांत दोन राउटर कसे नांदवावे, एवढाच तो प्रश्न. पण त्या प्रश्नानें आमचें घर दुभंगण्याच्या बेतास आणलें होतें.

आमचें घर नंदुरबारच्या जुन्या वस्तींतलें, आजोबांनीं बांधलेलें. पुढें ओसरी, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर, शेवटीं परसूं. आणि मागच्या अंगाला माडी. भिंती मातीच्या, चांगल्या दोन हात रुंद. वैशाखांत गांवांतील पारा चाळिशीच्या पुढें चढतो तेव्हां ह्याच भिंती आम्हांस सांभाळतात, आणि त्यांचा आम्हांस मोठा अभिमान. परंतु ज्या भिंती उन्हाला अडवितात त्या वायफायलाही अडवितात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

राउटर म्हणजे बाहेरून तारेनें आलेलें इंटरनेट घरांतील यंत्रांस वांटून देणारी लहानशी पेटी. हें वांटप ती वायफायच्या लहरींनीं करते. ह्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. एक जात सेकंदास सुमारें २४० कोटी कंपनांची, जिला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. दुसरी ५०० कोटींच्या वरची, म्हणजे ५ गिगाहर्ट्झची. पहिली जात दूर जाते व भिंत थोडीफार भेदते. दुसरी अधिक मजकूर वाहते, पण भिंतीपुढें लवकर हात टेकते. आपल्या देशांत पहिल्या जातीचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठीं २००५ सालीं विनापरवाना खुला झाला, म्हणूनच आज कोणाकडेही अर्ज न करतां हवी तेवढी राउटरें घरांत मांडतां येतात. मांडतां येतात खरीं. नांदवितां येतात असें मात्र नाहीं.

आमची सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचें हिशेबाचें काम घरीं बसून करते. चिरंजीव येथेंच बँकेंत आहेत. पेटी बैठकींत, आणि सूनबाईचें काम माडीवर. दोहोंमध्यें तीन भिंती व एक लोखंडी कपाट. कचेरीच्या बैठकीच्या ऐन भरांत तिचा आवाज तुटे, चेहरा पडद्यावर थिजून जाई. दोन वेळां तर यंत्र मांडीवर घेऊन ती जिन्याच्या पायरीवर बसलेली आम्हीं पाहिली. एके रात्रीं माजघरांतील बोलणें आमच्या कानावर आलें. "आपण पुण्यालाच बिऱ्हाड केलें तर?" सूनबाई विचारीत होती. चिरंजीव म्हणाले, "बदलीचा अर्ज करून पाहतों."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. तीं दोघें गेलीं म्हणजे नातूही जाणार. तो आठवींत आहे, आणि सकाळीं त्याच्याकडून शब्दरूपें म्हणवून घेणें हा आमच्या दिवसाचा आरंभ आहे. आम्हीं रागानें आमच्या मंडळींस म्हटलें, "पूर्वीं काय इंटरनेट होतें म्हणून लोक घरांत राहत होते?" त्या शांतपणें म्हणाल्या, "अहो, पूर्वीं सुनेला विचारीत कोण होतें?"

दुसऱ्याच दिवशीं बाजारांत जाऊन आम्हीं दुसरा राउटर आणला. दुकानदार म्हणाला, एका पेटीची तार दुसरींत घातली कीं झालें. कोणास विचारावयाचें नाहीं असा निश्चय करून आम्हीं स्वतः बैठकीपासून माडीपर्यंत तार ओढली, दोन्ही टोकें पेट्यांत खुपसलीं आणि दिवे लागलेले पाहून कृतकृत्य झालों.

तें समाधान अर्धा तास टिकलें. आमच्या मंडळींच्या मोबाईलवर भजन चालूं लागलें, तर शेजारींच बसलेल्या चिरंजिवांच्या मोबाईलवर वायफायची खूण पूर्ण असून कांहीं उघडेना. छपाईचें यंत्र संगणकाला दिसेनासें झालें. पेट्या बंद करून पुन्हां सुरू केल्या कीं ज्यांचें चालत होतें त्यांचें बंद पडे आणि ज्यांचें बंद होतें त्यांचें चालूं लागे. दोन दिवस आम्हीं ह्याच खेळांत घालविले. तिसऱ्या दिवशीं सूनबाईनें आपलें यंत्र पिशवींत घातलें आणि कांहीं न बोलतां ती मैत्रिणीच्या घरीं कामाला गेली. ती रागावून बोलली असती तर आम्हांस कमी लागलें असतें.

तेव्हां मात्र आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलाविलें. गांवांत केबल टाकण्याचा त्याचा धंदा आहे. संस्कृतांत त्यास पस्तीस गुण देतांनाही आम्हीं हात आंखडता घेतला होता, ही आठवण आम्हांस होती, त्यासही असावी. मिरच्या वाळत घालण्याचे दिवस, त्यामुळें पथाऱ्यांवरून आलेला तो गृहस्थ प्रथम पांच मिनिटें शिंकत होता. मग दोन्ही पेट्या पाहून त्यानें विचारलें, "गुरुजी, ह्या घरांत पत्ते कोण वांटतो?"

आम्ही म्हणालों, "म्हणजे?"

"दोघीही वांटताहेत," तो म्हणाला.

मग त्यानें जें समजाविलें तें असें. घरांतील प्रत्येक यंत्राला, मग तें मोबाईल असो, संगणक असो कीं छपाईचें यंत्र असो, आंकड्यांचा एक पत्ता लागतो. हे पत्ते राउटर ठराविक मुदतीच्या बोलीनें वांटतो. ह्या व्यवस्थेस डीएचसीपी असें नांव आहे. राउटरच्या मांडणीच्या पानावर हींच अक्षरें आढळतात. पत्त्याबरोबर राउटर यंत्राला वेसही दाखवितो, म्हणजे घराबाहेर जावयाचें तर कोणाच्या दारानें जावें तें सांगतो. नवें यंत्र घरांत आलें कीं तें हांक मारतें, "मला कोणी पत्ता देतें काय?" वांटणारा एकच असेल तर उत्तर एकच येतें. आमच्या घरांत उत्तरें दोन येत, आणि जें आधीं पोहोंचे तें यंत्र बहुधा स्वीकारी. जुन्या पेटीचें उत्तर आधीं आलें तर काम चाले, कारण बाहेरची तार तिच्यांत होती. नव्या पेटीचें आधीं आलें तर ती "वेस मीच" असें सांगे. परंतु तिच्या वेशीबाहेर रस्ताच नव्हता. भरींत भर, दोन्ही पेट्यांचा स्वतःचा पत्ताही एकच निघाला: १९२.१६८.१.१.

हा योगायोग नव्हे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतकीच आहे. ती जगाला पुरणार नाहीं हें ओळखून कांहीं मालिका घरांच्या व कचेऱ्यांच्या खासगी वापरासाठीं राखून ठेवण्यांत आल्या. १९९६ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालेल्या नियमांत १९२.१६८ नें सुरू होणारी मालिका आहे. त्यामुळें तोच पत्ता नंदुरबारांतील घरांतही असतो आणि न्यूयॉर्कांतील घरांतही, व दोघांचें एकमेकांवांचून कांहीं अडत नाहीं. एका घरांत मात्र तो दोघांचा असून चालत नाहीं.

क्रमांक एकाचाच असावा, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास तरी नवी नाहीं. देशांतील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आमच्याच शहादा तालुक्यांतील टेंभली गांवीं देण्यांत आले. त्या बारा आंकड्यांचें सारें मोल एवढ्यांतच आहे कीं तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा नसतो. दोन कचेऱ्या एकमेकींस न विचारतां तेच क्रमांक वांटूं लागल्या असत्या, तर रेशनच्या दुकानापुढें जो गोंधळ झाला असता, तोच लहान प्रमाणावर आमच्या माजघरांत झाला होता.

हें ऐकतांना आम्हांस पाणिनि आठवला. तुल्यबळ असे दोन नियम एकाच जागीं लागूं पाहत असतील, तर अष्टाध्यायींत क्रमानें पुढचा असेल त्यानें चालावें, अशी सोय केलेली आहे. राउटरच्या शास्त्रांत तशी सोय नाहीं. तेथें जो आधीं ओरडेल त्याचें खरें. म्हणून दोघांपैकीं यजमान कोण, हें माणसानेंच ठरवून द्यावें लागतें.

तें ठरविण्याचे मार्ग दोन. आणि ते समजावण्यास आमच्या विद्यार्थ्यानें जिल्ह्याचाच दाखला दिला. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पुढें गाड्यांचे क्रमांकही निराळे झाले: धुळ्याचे एम्. एच्. १८, आमचे एम्. एच्. ३९. मालिका निराळ्या, म्हणून टक्कर नाहीं. तसेंच दुसऱ्या राउटरचा वेगळा जिल्हा करतां येतो. पहिल्याची तार दुसऱ्याच्या वॅन असें लिहिलेल्या भोंकांत घालावयाची आणि दुसऱ्यास १९२.१६८.२ ची निराळी मालिका द्यावयाची. मग दोघेही आपापल्या हद्दींत पत्ते वांटूं शकतात. परंतु अशा व्यवस्थेंत पहिल्या हद्दींतील संगणकाला दुसऱ्या हद्दींतील छपाईचें यंत्र सहसा सांपडत नाहीं, आणि दुसऱ्या हद्दींतील निरोपांचे पत्ते बाहेर पडेपर्यंत दोनदां बदलले जातात, त्यामुळें कॅमेरे वगैरे कांहीं यंत्रें कुरकुर करतात. दुसरा मार्ग जिल्हा एकच ठेवण्याचा. पत्ते एकच पेटी वांटील. दुसरी तालुक्याच्या कचेरीप्रमाणें केवळ जवळच्या लोकांची सोय पाहील. एकत्र कुटुंबास हाच मार्ग बरा.

आतां कृति सांगतों. दुय्यम व्हावयाची पेटी प्रथम एकटीच सुरू करावी आणि संगणक तारेनें तिला जोडावा. पेटीच्या तळाशीं चिठ्ठीवर तिचा पत्ता व प्रवेशाचा शब्द बहुधा छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्यें लिहिला कीं तिचें मांडणीचें पान उघडतें. तेथें आधीं तिचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य पेटी १९२.१६८.१.१ असेल तर दुय्यम पेटीस १९२.१६८.१.२ चालेल, मात्र मुख्य पेटी जे पत्ते वांटते त्यांत हा येऊं नये. आमची मुख्य पेटी १०० पासून १९९ पर्यंतचे पत्ते वांटते, म्हणून २ हा आंकडा निर्धास्त राहिला. पत्ता जतन केला कीं पेटी पुन्हां सुरू होते व तिचें पान नव्या पत्त्यावर उघडतें. त्यानंतर तिचें डीएचसीपी बंद करावें. हा क्रम उलटा करूं नये. वांटप आधीं बंद केलें तर संगणकासच पत्ता न मिळून त्या पानाचें दार लागण्याचा संभव असतो.

पुढची गोष्ट वायफायच्या नांवाची. दोन्ही पेट्यांचें नांव, गुप्तशब्द व सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा, म्हणजे मोबाईल बैठकींतून माडीवर जातांना आपण होऊन पेटी बदलतो. चॅनल मात्र निराळें हवें. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत १, ६ आणि ११ हीं चॅनलें एकमेकांच्या अंगावर येत नाहींत. एकीला १ व दुसरीला ११ दिलें तर दोघी एकमेकींच्या बोलण्यांत तोंड घालीत नाहींत.

शेवटीं तार. मुख्य पेटीच्या लॅनच्या भोंकांतून निघालेली तार दुय्यम पेटीच्याही लॅनच्याच भोंकांत घालावी, आणि वॅनचें भोंक रिकामें ठेवावें. कित्येक पेट्यांत ॲक्सेस पॉइंट असा तयार पर्याय असतो. तो निवडला तर वांटप आपोआप बंद होतें आणि वॅनचें भोंकही उपयोगी पडतें. दोन पेट्यांमध्यें तार एकच असावी. अधिक वेगाच्या लोभानें दुसरी घातली तर निरोप त्या वर्तुळांत गरगर फिरत राहून सारें घर ठप्प होतें. कॅट ५ई किंवा कॅट ६ जातीची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे मोठ्यांतल्या मोठ्या वाड्यासही पुरते. ती विजेच्या तारांस लगटून नेऊं नये.

इतकें समजल्यावर आम्हीं जुनी पेटी मुख्य व नवी दुय्यम असा निकाल दिला. विद्यार्थी घुटमळला. म्हणाला, "गुरुजी, नवी पेटी अधिक दमाची आहे. बाहेरची तार तिला द्या. जुनी माडीवर राहील."

आम्ही म्हणालों, "अरे, सात वर्षें ती बैठकींत आहे."

"तिला काढा असें मी कुठें म्हणतों, गुरुजी? माडीवर जेवढें काम आहे तेवढें ती सहज करील. फक्त पत्ते वांटायचे नाहींत."

दारांत आमच्या मंडळी उभ्या होत्या. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि त्या आंत गेल्या. त्या काय म्हणाल्या असत्या तें आम्हांस न बोलतांच कळलें. सेवानिवृत्तीच्या दिवशीं आम्हीं चार माणसांसमक्ष घराचा कारभार चिरंजिवांच्या व सूनबाईच्या स्वाधीन केला होता. त्यानंतरही दूधवाल्यास सूनबाईनें दोन लिटर सांगावें आणि आम्हीं ओसरीवरून एक सांगावें. वाणसामानाची यादी तिनें एक द्यावी, आम्हीं दुसरी द्यावी. संध्याकाळीं नातवास तिनें चित्रकलेच्या वर्गाला जा म्हणावें, आम्हीं धातुरूपें घेऊन बस म्हणावें. तें पोर जो आधीं हांक मारील त्याच्याकडे जाई आणि दुसऱ्याची बोलणीं खाई. पुण्याच्या बिऱ्हाडाचा विचार केवळ तुटणाऱ्या आवाजामुळें निघाला असेल, असें आम्ही समजत होतों.

आम्हीं विद्यार्थ्यास म्हटलें, "तूं म्हणतोस तसें कर." इंटरनेट पुरविणाऱ्यांनीं दिलेलें नांव व गुप्तशब्द नव्या पेटींत भरावा लागला; तो कागद सांभाळून ठेवलेला होता म्हणून बरें. पाऊण तासांत काम झालें. जातांना त्यानें मजुरी घेतली नाहीं. आम्हीं त्याचें संस्कृत काढलें नाहीं.

वाचकांनीं आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दुसऱ्या पेटीनें बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा वेग वाढत नाहीं. जो आहे तो कोपऱ्यापर्यंत पोहोंचतो, इतकेंच. तार ओढणें अशक्य असेल तर लहरी झेलून पुढें फेंकणारी पेटी मिळते, पण एकाच पट्ट्यावर झेलणें व फेंकणें दोन्ही करावयाचें असल्यानें तिचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. अनेक पेट्या आपसांत संगनमतानें चालविणारे मेश नांवाचे संच मिळतात, तेही तार असल्यास अधिक चांगले चालतात. आणि वीज जाते त्या गांवीं दोन्ही पेट्यांस लहानशी बॅटरी लावावी. एकीलाच लावून उपयोग नाहीं.

सूनबाई आतां माडीवर दार लोटून काम करते. आवाज तुटत नाहीं. बदलीचा अर्ज गेला कीं राहिला, हें आम्हीं विचारलेलें नाहीं. नातवाची वार्षिक परीक्षा झाल्यावर तीं दोघें ठरवितील, आणि ठरवितील तें आम्हांस कळेल. राउटरचे नवे गुप्तशब्द सूनबाईच्या अक्षरांत एका कागदावर लिहून कपाटांत ठेवले आहेत. त्या कपाटाची किल्लीही आतां तिच्याचकडे असते. नातू संध्याकाळीं चित्रकलेला जातो. धातुरूपें सकाळींच उरकतों.

गेल्या आठवड्यांत आम्ही ओसरीवर बसलों असतां दूधवाल्यानें नेहमींप्रमाणें विचारलें, "गुरुजी, उद्यां किती?"

आम्हीं म्हटलें, "आंत विचार."